सोजराबाईची काळी साडी

लग्नानंतरची पहिली संक्रांत सोडली, तर सोजराबाईच्या अंगावर एकच काळी गोष्ट चढली होती, ती म्हणजे गळ्यातली पोत. बाकी सगळं गुलाबी, पिस्ता, आकाशी, नाहीतर आहेरात येणाऱ्या त्या बिननावाच्या रंगाचं. कारण तिची थोरली जाऊ जनकाबाई त्याच गावात, देऊळघाटला, मागच्या गल्लीत राहत होती, आणि घरात कोणाला काय शोभतं हे ठरवायचं खातं जनकाबाईनं स्वतःकडे ठेवलं होतं.

संक्रांतीला सगळ्या बाया हौसेनं काळं नेसतात. एरवी शुभकार्यात नको असलेला रंग त्या दिवशी मानाचा होतो. जनकाबाई गोरीपान, ती दरवर्षी नवी काळी साडी काढायची. सोजराबाई सावळी. सावळी आपलं म्हणायचं म्हणून, खरं तर काळीच. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ती हौसेनं काळी साडी नेसून आली, तर जनकाबाई चारचौघींत म्हणाली, "सोजरे, तू नको नेसू वं काळं. साडी कुठं संपली अन् बाई कुठं सुरू झाली, काहीच समजून नाही राह्यलं." बाया हसल्या. सोजराबाईही हसली, आणि घरी येऊन चुलीपुढं बसून रडली. ती साडी तिनं बहिणीला देऊन टाकली.

आता सून आली, नातू झाला, तरी तो सल काही जाईना. तिला एकदा, फक्त एकदा, काळं नेसून जनकाबाईच्या दारात जायचं होतं आणि जनकाबाईच्याच तोंडून ऐकायचं होतं की शोभतं. बस. याच्यापुढं देवाकडं तिचं काही मागणं नव्हतं.

सून पायल चिखलीला ब्युटी पार्लर चालवायची. दुसऱ्यांच्या नवऱ्या गुलाबी करून द्यायची आणि स्वतः मात्र काळा कुर्ता, काळी नखं, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. "आई, ह्याले गॉथिक म्हणतात," असं म्हणून तिनं एकदा फोनवर फोटो दाखवले. गळ्यापर्यंत बंद काळे झगे, जाळीच्या बाह्या, डोक्यावरून कपाळावर उतरलेली झिरझिरीत जाळी. बाया कशा, तर ताठ मानेच्या.

सोजराबाईनं फोटो निरखून पाहिले. "कोन वारलं ह्यांच्या घरी?"

"कोनीच नाही. हौस म्हनून घालतात."

हौस म्हणून वर्षभर काळं घालणाऱ्या बाया जगात आहेत, आणि त्यांना टोकणारी एकही जाऊ नाही, याचं सोजराबाईला फार नवल वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "मले जमंल काय वं?"

पायल अशी काही उठली, की जणू याच प्रश्नासाठी ती या घरात नांदायला आली होती.

चिखलीत काळ्या कापडाला तोटा नाही. बुरख्याचं कापड विकणाऱ्या शकूरभाईच्या दुकानात पायलची रोजचीच ये-जा. शकूरभाईनं गाठोडीच्या गाठोडी उलगडली. सोजराबाई इतकी वर्षं एका काळ्यासाठी झुरत होती, इथं काळ्यातच नाना प्रकार निघाले. तिनं घाबरत घाबरत एका जाळीवर बोट ठेवलं. शकूरभाईच्या बायकोनं, सायरानं, त्या जाळीचा बंद गळ्याचा, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज शिवला, आणि उरलेली जाळी नव्या काळ्या साडीच्या पदराला लावून दिली.

संक्रांतीच्या दिवशी सोजराबाई सवयीनं तोंडाला पावडर फासायला बसली, तर पायलनं डबाच उचलून नेला.

"गोरं नाही व्हायचं आई आज."

"मंग काय व्हायचं?"

"जे हाय तेच, पन चांगलं ठळक."

आजेसासूची गळ्यातली चांदीची सरी पेटीतून निघाली. वर्षानुवर्षं पडून काळी ठिक्कर झालेली. सोजराबाई ती चिंचेनं घासायला निघाली, तर पायलनं तेही करू दिलं नाही. डोळ्यांत काजळ, ओठांवर गडद वाईन रंग, काळी साडी, रुपेरी काठ, डोक्यावर जाळीचा पदर. आरशात पाहून सोजराबाईनं पदर सावरला, कारण समोर कोणीतरी मोठ्या घरची बाई उभी आहे असंच तिला वाटलं. नवरा इंद्रभान भाजीची पाटी घेऊन आत आला, बाईला पाहून दचकला आणि "घरात नाही कोनी, मंग या," म्हणून चक्क बाहेर निघून गेला.

पायल म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी पोराले निजवून येते."

आता झालं काय, की त्या वर्षी जनकाबाईनं हळदीकुंकवाला बुलढाण्याच्या एका बँकेच्या मॅडमला बोलावलं होतं. गावभर सांगून झालं होतं. मॅडमसाठी हात असलेली खुर्ची मांडून तिच्यावर शाल टाकली होती. जनकाबाईला चष्म्याशिवाय माणूस म्हणजे नुसता एक ढग. पण फोटोत चष्म्यानं बाई म्हातारी दिसते, म्हणून चष्मा तिनं देवाच्या फोटोमागं ठेवून दिला होता.

अशात दारातून एक काळी, ताठ, चांदीनं मढलेली आकृती आत आली.

"या मॅडम, या ना. आपण आलात, आम्हाला खूप आनंद वाटला," जनकाबाई ठेवणीतल्या मराठीत म्हणाली, आणि सख्ख्या जावेचा हात धरून तिला मानाच्या खुर्चीत बसवलं.

शेजारच्या भिमाबाईनं चालीवरूनच सोजराला ओळखलं आणि पदर तोंडात कोंबला. हळूहळू सगळ्यांनीच ओळखलं. बोललं मात्र कोणी नाही. एवढी फुकटची मजा कोण सोडणार?

सोजराबाई खरं काय ते सांगायला गेली, तोवर कुंकू लागलं, वाण मिळालं, बशीसकट चहा आला. या घरात तिला आजवर बशी मिळाली नव्हती. आणि मग जनकाबाई लाडात येऊन म्हणाली, "मॅडम, एक सांगू? काळा रंग तुम्हाला फारच शोभतो बरं."

झालं. हेच ऐकायला तिनं अर्धा जन्म काढला होता. आणि ऐकलं ते भलतीच्याच नावानं. सोजराबाईला फार वाईट वाटलं.

"आता उखाणा घ्या मॅडम," भिमाबाईनं मुद्दाम काडी टाकली.

सोजराबाईनं बशी खाली ठेवली. शेतात ती या बांधावरून त्या बांधाला हाक मारणारी बाई, पण आज हळू बोलली. तिचा हळू आवाज जनकाबाईनं कधी ऐकलाच नव्हता.

"काळ्या साडीला रुपेरी काठ, इंद्रभानरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

जनकाबाईचा हात हळदीच्या करंड्यातच राहिला.

"कोनते इंद्रभान?"

"देऊळघाटचेच."

ठेवणीतली मराठी तिथंच गळून पडली. जनकाबाईनं खुर्चीशेजारी बसकण मारली आणि मॅडमचा हात घट्ट धरला. "मॅडम, तुम्ही शिकल्यासवरल्या. पन आमच्या इंद्रभानच्या घरी बायको हाय हो. सोजरा नाव तिचं."

"कशी हाय?" सोजराबाईनं विचारलं.

"सोन्यासारखी हाय. माह्या दोन्ही बाळंतपनात तिनं माहं सारं केलं. अन् मी तिले रंगावरून लय बोलली. सगळ्यायसमोर बोलली. तिनं उलटून एक शब्द नाही काढला कधी." जनकाबाईचे डोळे भरून आले. "तिच्या संसारात नका बिब्बा घालू. इंद्रभानचं तंगडं मी मोडतेच, पन तुम्ही त्याले सोडा."

बाया हसायच्या थांबल्या. सोजराबाईनं डोक्यावरचा जाळीचा पदर मागं सारला. मग ती आपल्या बांधावरच्या आवाजात म्हणाली, "जाऊबाई, चष्मा लावा."

भिमाबाईनंच तो देवामागून काढून दिला. जनकाबाईनं डोळ्यांवर चढवला, आणि ओठांपासून सरीपर्यंत, सरीपासून काठापर्यंत सगळं पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. घरात जी खसखस पिकली, ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली. जनकाबाई तेवढी हसली नाही. तिचा गोरा चेहरा लालबुंद झाला होता.

तेवढ्यात दारात खऱ्या मॅडम आल्या. पिस्ता रंगाची साडी, हातात पर्स, चेहऱ्यावर उशिराची माफी. त्यांना पाहताच सोजराबाई सवयीनं खुर्चीतून उठायला लागली.

जनकाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"बस तू. उगा उठबस करून साडी नको चुरगाळू, एवढी शोभून राह्यली." आणि मग आतल्या पोरींना ओरडून म्हणाली, "मॅडमसाठी प्लास्टिकची आना वं एक."