नळीत फुंकलेला श्वास

मी डिप्लोमा इंजिनियर आहे, हे कामणच्या आमच्या पीयूसी सेंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला मी न विचारता सांगतो. त्यामुळे त्या रविवारी सकाळी धूर तपासायचं मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा मला आनंदच झाला. कॉम्प्युटरवर माझी बायको मनोरमा बसली होती. बाहेर थॉमस मासळीचा तीनचाकी टेम्पो घेऊन उभा होता. हा तिच्या माहेरचा, पाचूबंदरचा. म्हणजे छाप पाडायला माणसं हजर होती.

केबल बदलली, कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केला, वीज मंडळाला नावं ठेवली. मग आठवलं, काल सेंटर बंद करताना पिंकीला गेम खेळायला माउस लावून दिला, तेव्हा मीच मशीनची वायर भलत्या खाचेत खोचली होती. ती गुपचूप जागेवर लावली. मनोरमाने पाहिलं, पण लेकीच्या बापाची इज्जत राखली.

टेम्पो तपासला, तर एवढी खोकणारी गाडी आणि आकडे सगळे शून्य! "सेन्सर गेला," मी जाहीर केलं. उघडून बघतो तर फिल्टरमध्ये पाणी. तो बदलला. अशा वेळी नळीत फुंकून बघतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दिसला की मशीन ठीक. मी छाती भरून फुंकलं. आकडा चढला. त्याच्या खालचा, न जळलेल्या पेट्रोलचा आकडाही चढला.

काल रात्री माझ्या मित्राकडे, व्हिक्टरकडे, बाप्तिस्म्याची पार्टी होती. गणपतीत पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून मी दारू सोडली होती. पुन्हा प्यालात तर लेकीला घेऊन माहेरी जाईन, असं मनोरमाने बजावलं होतं. सकाळी दोनदा दात घासून मी लवंगा चघळल्या होत्या. पण पेट्रोलची वाफ काय, दारूची काय, त्या सेन्सरला दोन्ही सारख्याच.

"पोटात पेट्रोल कुठून आलं?" मनोरमाने विचारलं.

"सेन्सरच गेला आसंल," थॉमस माझ्या मदतीला धावला.

"हो ना! आज सेंटर बंद ठेवावं लागणार," मी म्हणालो.

मनोरमा उठली. पदराने नळीचं तोंड पुसून तिने फुंकलं. कार्बन डायऑक्साइड चढला. पेट्रोल शून्य.

"मशीन बिघडलंय का?" तिने हळू विचारलं.

दमट हवा, दाब, केबल, कितीतरी उत्तरं तोंडाशी आली. तिच्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटली.

"नाही. मशीन ठीक आहे."

तिने थॉमसचा टेम्पो तपासला, पास केला, कागद त्याच्या हातात दिला आणि पर्स उचलली.

"थॉमसदादा, मनवेलपाड्याला घरून पिंकीला घेऊ. मग मला आईकडे सोडा."

थॉमसने मान खाली घालून पुढच्या सीटवरची टोपली मागे टाकली.

"मनू, एकदाच झालं गं," मी मागून म्हणालो.

"चला मग," ती टेम्पोत बसत म्हणाली. "हे पिंकीला तुम्हीच सांगा."

मी वळून मशीनची नळी गुंडाळायला लागलो.