चौथा फ्लास्क

आढावा-सभेच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मृदा-सूक्ष्मजीव विभागाच्या उत्तरेकडील खोलीत सोवळे याने आपल्या मेहुण्याच्या, जिवाणू वाढवायच्या प्लेटचे झाकण उचलले आणि ते परत ठेवायला तो विसरला.

झाकण उघडे राहणे हा त्याच्या लेखी अपराध होता. 'सोवळे' हे नाव विभागप्रमुख बाईंनी त्याला थट्टेने दिले होते. त्याने ते पदवीसारखे मिरवले. ओट्यावर स्पिरिटचा बोळा फिरवल्याखेरीज तो काचेला हात लावीत नसे. एका प्लेटवर एकच जात नांदावी, दुसरे जे काही उगवेल ती भेसळ, आणि भेसळीची जागा ऑटोक्लेव्हच्या वाफेत, हे त्याचे शास्त्र होते. त्यावर तो कोणाशीही, कितीही वेळ वाद घालायला तयार असे.

मेहुण्याच्या प्लेटवर जिवाणूंच्या सायीच्या रंगाच्या ठसठशीत कॉलन्या होत्या. त्यांच्या कडेकडेने, टाचणीच्या टोकाएवढे, नीट पाहिल्याखेरीज दिसू नयेत असे पारदर्शक ठिपके होते.

"भेसळ," तो स्वतःशीच म्हणाला. कित्येक आठवड्यांनी त्याला बरे वाटले.

बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्यामागची जमीन विषाने भिनून गेली होती. ते विष खाऊन पचवणारा जिवाणू मातीतच कुठेतरी असणार, या विश्वासावर सोवळ्याची उमेदीची वर्षे गेली होती. जिवाणू सापडलाही होता. पण तो अर्ध्यावर थांबे. तो विषाचा रेणू तोडी, फ्लास्कमधले पाणी हळदीसारखे पिवळे होई आणि पिवळेच राही. तो पिवळा अवशेषही जमिनीला घातकच होता. पुढच्या आठवड्यातल्या सभेत त्या जमिनीवर कोणाचा जिवाणू सोडायचा आणि काम कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरायचे होते. इतकी वर्षे 'कोणाचा' हा प्रश्नच नव्हता.

मग बायकोच्या आग्रहाने त्याने मेहुण्याला विभागात चिकटवले. पहिल्या दिवशी, लहान मुलाच्या हाती चेंडू द्यावा तशी, कपाटातली त्या जमिनीच्या मातीची जुनी बरणी त्याच्या हाती दिली आणि म्हटले, "यावर हात बसव." मेहुणा शीळ घालीत काम करी. त्याची लेबले वाकडी असत, टेबलावर चहाच्या कपाची वर्तुळे असत. आणि त्याचा फ्लास्क पिवळा झाला, एक दिवस तसाच राहिला, अन् दुसऱ्या दिवशी पाण्यासारखा नितळ झाला. सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. सोवळ्यानेही वाजवल्या, हातात मोजे होते, म्हणून आवाज झाला नाही.

त्या सोमवारी रात्रीच्या जेवणाला मेहुणा नेहमीप्रमाणे घरी होता.

"ताई, बाई म्हणाल्या, माझ्या हाताला गुण आहे."

"आहेच मुळी. लहानपणी कुंडीत काहीही खोचलंस तरी उगवायचं."

"उगवत असेल," सोवळे ताटावरून नजर न उचलता म्हणाला, "पण काय उगवणार ते कुंडीलाच ठाऊक."

मेहुणा ठसका लागेपर्यंत हसला. "भावोजी, हे झकास होतं! उद्या बाईंना सांगतो."

नेमका याचाच सोवळ्याला सर्वांत संताप येई. आपण टोमणा मारावा आणि समोरच्याने तो मिटक्या मारीत खावा, यासारखा पराभव नाही. बायकोने उरलेली भाजी न विचारता भावाच्या ताटात वाढली. सोवळ्याने आपली वाटी किंचित पुढे सरकवली होती. ती त्याने परत मागे घेतली.

भाऊ गेल्यावर ती ओटा पुसता पुसता म्हणाली, "त्याचं कौतुक निघालं की तुमच्या पोटात दुखतं."

"मी काम पाहतो. माणूस पाहत नाही."

"काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळंच दिसतं म्हणतात."

तिला फ्लास्कांचे काही ठाऊक नव्हते. तरी सोवळ्याने हातातला पेला फार जपून खाली ठेवला.

पुढचे दिवस त्याने त्या प्लेटवर घालवले. तापवून निववलेल्या तारेने ठसठशीत कॉलनी उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढल्या; त्यातून पुन्हा एक कॉलनी, पुन्हा नव्या रेघा, ठिपक्याचा नुसता मागमूस उरेपर्यंत नव्हे, तर तो पुरता नाहीसा होईपर्यंत. तसेच ठिपक्यांचे केले. मग विष घालून फ्लास्क लावले. पहिल्यात फक्त मोठा, दुसऱ्यात फक्त बारका, तिसऱ्यात नुसते विष. चौथ्यात त्याने दोघांना पुन्हा एकत्र सोडले. काही शंका होती म्हणून नव्हे. जे सोडवले ते पुन्हा जोडून पाहायचे, ही त्याची शिस्त होती.

सभेच्या दिवशी सकाळी त्याने फ्लास्क हलवीत ठेवणारा शेकर थांबवला. पहिला फ्लास्क पिवळाजर्द होता आणि तसाच राहणार होता. दुसऱ्यातले विष यंत्राच्या मापात जसेच्या तसे होते, तिसऱ्यातलेही. चौथा काल पिवळा होता. आज त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

सोवळे बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिला. मग त्याने चौथा फ्लास्क शेकरच्या मागच्या कोपऱ्यात, लेबल भिंतीकडे करून ठेवला आणि उरलेले तीन, दोन्ही जातींच्या प्लेटांसह, ट्रेमध्ये घेतले.

सभेत तो मोजके बोलला.

"ज्या कल्चरचा इथे गौरव झाला, ते शुद्ध नाही. त्यात दोन जाती आहेत. मी ते शुद्ध केलं, आणि शुद्ध केल्यावर ते माझ्या जिवाणूच्या पुढे एक पाऊलही जात नाही. हा पाहा."

पिवळा फ्लास्क टेबलावरून हातोहात फिरला.

"मला वाटलं, एकच आहे," मेहुणा म्हणाला. "मी इतकं बारकाईनं नाही पाहिलं."

"तू पाहत नाहीस, हेच माझं म्हणणं आहे."

कोणी हसले नाही. मेहुण्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मन दुखावले की बायकोच्या होतात, अगदी तशाच. सोवळ्याने नजर ट्रेवर वळवली.

बाई पिवळा फ्लास्क हातात घेऊन बसल्या होत्या.

"सोवळे, वेगळं केलंत हे ठीक. परत एकत्र करून पाहिलंत?"

त्याने रुमालाने ट्रेची कड पुसली.

"तुम्हाला हे विचारावं लागतंय, याचंच मला नवल वाटतं," बाई म्हणाल्या. "अर्धवट सोडलेला प्रयोग तुमच्या हातून मी अजून पाहिलेला नाही."

'नाही केलं', एवढे दोन शब्द पुरे होते. पण भरल्या सभेत, आपण एक फ्लास्क लावायचाच विसरलो, असे सोवळ्याने म्हणायचे? फ्लास्क दडवणे त्याला जमले होते. गबाळा ठरणे जमण्यासारखे नव्हते. तो उठला, बाहेर गेला, आणि चौथा फ्लास्क घेऊन आला.

मेहुणा खुर्चीवरून अर्धवट उठला. "म्हणजे मोठा विष तोडतो, आणि तो जे पिवळं टाकून देतो ते हा बारका खातो! भावोजी, हे तुम्ही शोधलंत!" त्याच्या स्वरात खोच नव्हती. ती असती तर सोवळ्याला सोसणे सोपे गेले असते.

"जमिनीवर ही जोडी जाईल," बाई म्हणाल्या. "काम तुमचे मेहुणे पाहतील. त्यांनी जे एकत्र नांदू दिलं, त्यानंच विष संपलं." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. "पण हा बारका आला कुठून? झाकण उघडं राहिलं होतं का रे?"

"माझी झाकणं राहतात उघडी, बाई, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक वेळी हाच उगवतो, म्हणजे हवेतला नसेल. माती भावोजींचीच आहे. त्यांच्या कपाटातली जुनी बरणी, त्यांनीच दिली होती मला. मी फक्त फार निवडत बसलो नाही."

सोवळे उभाच होता. त्या बरणीतून काढलेल्या आपल्या अगदी पहिल्या प्लेटा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या: सायीच्या कॉलन्या, आणि त्यांच्या कडेकडेने टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. किती नेटाने त्याने त्यांना चुकवून तार फिरवली होती! ते पुन्हा उगवत, तो पुन्हा वगळी. शेवटी एक दिवस प्लेट निर्मळ निघाली, तेव्हा ती दाखवायला त्याने बायकोला मुद्दाम विभागात बोलावले होते.

त्याने रुमालाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

बाईंनी बारक्याची प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली, तिच्याकडे एकदा आणि सोवळ्याकडे एकदा पाहिले.

"मग हा पहिल्यापासून तिथेच होता," त्या म्हणाल्या.