नाताळची शिडी

लेनने माळ्यावरच्या छोट्या टाकीच्या झाकणावर तळवा टेकला. कोमट. ही टाकी गार असायला हवी. झाकण सरकवलं तर वरून वाकून आलेल्या नळीतून बारीक धार टाकीत पडत होती आणि तिच्याबरोबर हवेचे बुडबुडे खाली जात होते. बघायची तशी गरजच नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वीही त्याने इथेच असाच हात टेकला होता.

"सापडलं का रे काही?" शिडीखालून एनिडने विचारलं. त्याची धाकटी बहीण. अंगात दोन स्वेटर आणि त्यावर नवऱ्याचा, विल्फचा कोट. विल्फ ऑक्टोबरात गेला आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावरचे, खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर एकेक करून गार पडले होते.

"एक नळी चुकीच्या जागी आहे."

"विल्फने चुकवली?"

"जुन्या घरात होतं असं," लेन म्हणाला आणि पायऱ्यांकडे बघत उतरला.

विल्फ बस चालवायचा. या घरात रेडिएटर बसवायचं ठरलं तेव्हा लेन म्हणाला होता, मी बसवून देतो, माझा धंदाच आहे. तर विल्फ क्लबात सगळ्यांदेखत म्हणाला, "त्यात काय मोठं? पाणी जातं नि पाणी येतं!" लोक हसले, आणि विल्फने सगळं स्वतःच बसवलं. झालं, लेनच्या डोक्यात तिडीक गेली.

त्याच वर्षी नाताळला जास्तीच्या खुर्च्या काढायला तो माळ्यावर चढला. टाकीला हात लागला आणि सगळं कळलं. हवेची नळी पंपाच्या आधी हवी. या शहाण्याने ती पंपाच्या पुढे जोडली होती. म्हणजे पंप पाणी वर टाकीत फेकणार, ते हवा घेऊन परत खाली येणार आणि रेडिएटर जन्मभर गुरगुरणार. दुरुस्ती दोन तासांची. लेन चार खुर्च्या घेऊन खाली आला आणि मूग गिळून बसला. येऊ दे नाक मुठीत धरून, मग बघू.

विल्फ आला नाही. दर शनिवारी पितळी किल्ली आणि गळणारं पाणी धरायला एक कानतुटका कप घेऊन तो खोल्याखोल्यांतून रेडिएटरमध्ये साठलेली हवा काढत फिरायचा. सव्वीस हिवाळे.

लेनने पाणी उतरवलं, नळी कापली आणि पंपाच्या अलीकडे जोडली. पुन्हा पाणी भरून सगळीकडची हवा काढली. दुपारच्या चहाच्या आत पंप गुपचूप चालू लागला. एनिडने झोपायच्या खोलीतल्या रेडिएटरवर दोन्ही हात ठेवले.

"अगबाई, वरपर्यंत गरम! आणि दोन तासांत?"

लेनला वाटलं, त्यापेक्षा तिने कानाखाली वाजवायला हवी होती.

"एनिड, मला ठाऊक होतं. पहिल्या नाताळापासून."

तिने हात काढले नाहीत. "त्यालाही ठाऊक होतं."

"काय?"

"तुला ठाऊक आहे ते. तू गेल्यावर खुर्च्या ठेवायला वर चढला होता. झाकणावरच्या धुळीत पंजा उमटलेला, साडेचार बोटांचा. तसा पंजा अख्ख्या हॅलिफॅक्समध्ये दुसरा कुणाचा आहे?"

लेनने उजवा हात खिशात घातला.

"मग विचारलं का नाही त्याने?"

"अरे, तू सांगितलं नाहीस तर तो कसला विचारतोय! दोघांचीही नाकं वर. मला तरी सांगायचंस लेन, मी तर बहीण होते ना?" ती थांबली. "शिडी मात्र लावायचा. दर नाताळला, तू यायच्या आधी. म्हणायचा, यंदा लेन वर जाईल बघ."

ती शिडी लेनला चांगली आठवत होती. संडासाकडे जायची वाट तिने अडवलेली असायची आणि तो दरवर्षी अंग चोरून पलीकडे जायचा. "काय विल्फ, छपरावरून पळून जायचा बेत दिसतोय!" दरवर्षी तोच विनोद. सगळे हसायचे. विल्फही हसायचा आणि संध्याकाळी शिडी परत आत ठेवायचा.

"चहा टाकते," एनिड म्हणाली आणि खाली गेली.

लेनने खिडकीतली पितळी किल्ली आणि कानतुटका कप उचलला. मागच्या लहान खोलीत जाऊन तो रेडिएटरपाशी गुडघ्यांवर बसला. किल्ली जराशी फिरवली. हवेचं फुस्स झालंच नाही, लगेच पाणी आलं.

"अजून हवा आहे का रे?" एनिडने खालून हाक मारली.

"आहे थोडी," लेन म्हणाला. किल्ली घट्ट बंद करून तो तिथेच, भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.