टाकी क्रमांक तीन

पाणी कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं, हे तत्त्व पोहण्याच्या तलावावरच्या केमिस्टबाई बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या. गेले नऊ महिने त्या ते उभ्यानंच सांगत, कारण खुर्चीला टेकलं की आग आग होई.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. जाताना ती निमूटपणे गेली नाही. अंगातून वाफा काढून गेली, झोप घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा वाफा थांबल्या आणि रिकाम्या जागेत खाज राहायला आली. बाईंनी औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणली. चार दिवस बरं वाटलं. तीन आठवड्यांनी खाज माहेरी आल्यासारखी हक्कानं परत आली. मग दुसरी ट्यूब, मग पाचवी.

"झालं का सुरू तुझं ते?" नवरा वर्तमानपत्राआडून विचारी.

"ते म्हणजे काय? नाव आहे त्याला."

"नाव माहीत आहे मला. घेतलंच पाहिजे असं नाही."

"दाढीचा साबण बदलून गालावर पुरळ आलं होतं, तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत नाव घेत फिरलात."

"गाल वेगळा," नवरा म्हणाला आणि पान उलटलं.

पाण्याच्या माणसाला अडचणीत पाणीच सुचतं. बाईंनी एके दिवशी तलावावरची तपासणीची पट्टी घरी आणली आणि न्हाणीघराचं दार लावून स्वतःचाच पीएच मोजला. पाच पूर्णांक आठ. तलावाचा नियम सात पूर्णांक चार. त्याच्या फार खाली घसरलं की पाणी आंबट होतं, डोळे चुरचुरतात, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं. म्हणजे रोगाचं मूळ सापडलं, आणि त्यावरचा उपायही हाताखालचा होता. तलावात पीएच उतरला की सोडा टाकतात. बाई रोज संध्याकाळी टबात कोमट पाणी घेत, त्यात स्वयंपाकघरातला सोडा कालवत आणि घड्याळ लावून वीस मिनिटं बसत.

आता, आकडा दिसला आणि तो रजिस्टरात चढवला नाही, तर बाईंना घास गिळत नसे. घरच्या वहीवर त्यांचा विश्वास नव्हता. वही हरवते, रजिस्टर हरवत नाही. तलावाच्या छापील रजिस्टरात तीन रकाने होते. टाकी क्रमांक एक म्हणजे मोठा तलाव, दोन म्हणजे मुलांचा. तिसरा छापखान्यानं उगाच दिलेला, बावीस वर्षं कोरा. बाईंनी तो कामाला लावला. दहा आठवड्यांत आकडा पाच आठवरून सात एकवर चढला. असा देखणा चढ मोठ्या तलावानंही कधी दाखवला नव्हता. खाज मात्र आता जिना चढू देईना.

आकडे कागदावर उतरवून त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"तलावाचा नियम आहे."

"बाई, तुम्ही तलाव नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथं आंबटच हवं. चार, साडेचार. त्या आंबटपणानं जंतू लांब राहतात. पाळी गेली की तो कमी होतो, आणि उरलासुरला तुम्ही सोड्यानं धुऊन काढलात."

"पण गोळ्या चालू आहेत की."

"गोळ्यांचा परिणाम तिथपर्यंत पुरतोच असं नाही. कधीकधी तिथलं वेगळं द्यावं लागतं."

स्रावाची तपासणी झाली. ट्यूब होती बुरशीवरची आणि घरात घुसले होते जंतू. म्हणजे बाई नऊ महिने भलत्याच चोराला बडवत होत्या. जंतूंचं औषध मिळालं. आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळालं. सोडा, साबण, आतून धुणं, सगळं बंद झालं. तीन महिन्यांनी तिसऱ्या रकान्यात चार पूर्णांक सहा आले आणि बाई खुर्चीत बसून तत्त्व सांगू लागल्या.

तेवढ्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी इन्स्पेक्टर आले. साठीला टेकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मॅनेजर शेजारी हात बांधून उभा. दारात सकाळच्या बॅचच्या बायका केसांना टॉवेल गुंडाळून पासांसाठी थांबलेल्या.

"टाकी क्रमांक तीन दाखवा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"तीन?" मॅनेजर म्हणाला. "आमच्याकडे दोनच आहेत."

"मग हे काय मोजलंय? आधी पाच आठ, मग सात एक, आता चार सहा. पाणी आहे की व्हिनेगर? परवान्यात नोंद नसलेली टाकी निघाली तर परवाना देता येणार नाही."

मॅनेजरनं बांधलेले हात सोडले. "बाईंनी सहज लिहिले असतील, साहेब. हाताला वळण राहावं म्हणून."

"म्हणजे आकडे खोटे?" इन्स्पेक्टरांनी रजिस्टरांनी भरलेल्या कपाटाकडे बोट केलं. "मग त्या सगळ्यांचं काय समजायचं?"

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. बावीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"आकडे खरे आहेत," त्या म्हणाल्या. "माझे आहेत."

"तुम्हीच लिहिलेत, ते कळलं. पण कशाचे?"

"माझ्या योनिमार्गाचे."

मागच्या खोलीतला पंप एकदम मोठ्यानं ऐकू येऊ लागला. मॅनेजर छतावरचा पंखा मोजू लागला. पंखा एकच होता. इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि रकाना पुन्हा वरपासून वाचला.

"सात एकवरून चार सहा," ते हळूच म्हणाले. "कशानं आलं खाली?"

"क्रीमनं. आणि सोडा सोडल्यानं."

"आमच्याकडे मंडळी दीड वर्षं बेजार आहेत. नाव काय म्हणालात?"

"जरा सावकाश सांगा," दारातून एक टॉवेल म्हणाला, "पेन शोधतेय."

"आधी डॉक्टरांना विचारा. तपासणी करून घ्या," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना एकच औषध चालत नाही." मग नाव सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

इन्स्पेक्टरांनी परवान्यावर शिक्का मारला आणि रजिस्टरात शेरा लिहिला: 'टाकी क्र. ३ खासगी. पाहणीच्या कक्षेत येत नाही.'

मोठ्या तलावाचा पीएच त्या दिवशी सात पूर्णांक चार होता. तो कुणी विचारला नाही.