भिंतीवरचा पाय

त्वचाविभागात तिला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे तिला फोटोताई म्हणत. डॉक्टर पाठवतील त्या रुग्णाच्या अंगावरचा डाग, पुरळ किंवा व्रण अगदी जवळून टिपायचा, शेजारी मोजपट्टी धरायची आणि पुढच्या खेपेला तो वाढलाय की ओसरलाय हे कळावं म्हणून फोटो जपून ठेवायचा, एवढंच तिचं काम. काम अवघड नव्हतं, पण वर्षानुवर्षं तेच केल्याने तिचे डोळे थकले होते आणि डोळ्यांमागची बाईही थकली होती. घरी टोमॅटो हातात घेतला तरी ती त्यावरचा डाग न्याहाळत उभी राहायची.

"विचार त्याला, खाज येते का," थोरली बहीण म्हणायची. आक्का शाळेतून निवृत्त झाली होती, गुडघ्यांनी अधू होती आणि जिभेने धडधाकट. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत.

सुट्टीच्या दिवशी मात्र फोटोताई स्वतःचा जुना कॅमेरा घेऊन बाहेर पडायची. लांब कुठे नाही. पायांत तेवढं बळच नसायचं. रुग्णालयाचं मागचं आवार, नाल्याचा काठ, पडकी कुंपणं. तिथे ती ओल्या दगडावरचं शेवाळ टिपायची, गोगलगाईच्या शंखावरची वळणं, सुकलेल्या डबक्यातल्या चिखलाच्या भेगा, पानाच्या पाठीवरचं शिरांचं जाळं. कधी गुडघ्यांवर, कधी सरळ पालथी पडून. येणारे-जाणारे बघत, पण तिला त्याचं काही वाटत नसे. इथे मोजपट्टी नव्हती, आणि कुणाला बरं करायचं नव्हतं.

एकदा मॅडमनी, म्हणजे विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी, हे फोटो पाहिले आणि त्या हरखूनच गेल्या.

"ताई, हे आपल्या बाहेरच्या भिंतीवर लावू या. लोक बिचारे ताटकळत बसतात. काहीतरी बरं दिसू दे त्यांना."

"खाली नावं लिहिते ना, कशाचं काय ते."

"नको, नको. ओळखू दे त्यांनाच. तेवढाच वेळ जाईल."

फोटो मोठे करून बाकांसमोरच्या भिंतीवर लागले. लोकांचा वेळ खरंच जायला लागला, पण भलत्याच तऱ्हेने. त्वचेच्या डॉक्टरांकडे आलेला माणूस भिंतीवर दुसरं काय बघणार? "ही टाच आहे बघ," चिखलाच्या भेगांकडे बोट दाखवून एक म्हातारी लेकीला सांगत होती. शेवाळाच्या फोटोसमोर एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "उगीच रडत होतीस. याच्यापुढे आपलं काहीच नाही." फोटोताईने ते दारातून ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी ती मनापासून हसली.

ते हसू फार टिकलं नाही. एका सकाळी बाहेरून आरडाओरडा ऐकू आला.

"हा माझा पाय आहे! कुणाला विचारून लावलात हा इथे?"

ओरडणारा माणूस साठीकडे झुकलेला, किडकिडीत होता. पूर्वी तो बसवर कंडक्टर होता. सोरायसिस हातांवर उतरला तसं त्याला बसवरून काढून डेपोतल्या एका टेबलाशी बसवलं होतं. तो ज्या फोटोसमोर उभा होता त्यात राखाडी-चंदेरी खपल्या होत्या, कडा उचललेल्या, आणि त्यांच्याखाली कोवळा गुलाबी पापुद्रा.

"अहो, ती झाडाची साल आहे," फोटोताई पुढे येत म्हणाली.

"साल? मागच्या खेपेला तुम्हीच काढला ना फोटो? डाव्या नडगीचा?"

"काढला असेन."

"असेन? म्हणजे आठवतसुद्धा नाही! बाई, हा पाय मी रोज बघतो. अंधारातसुद्धा ओळखेन."

बाकांवरचे सगळे आता फोटोकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायला लागले. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याचा आवाज एकदम बसला. फोटोताईने पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. क्षणभर तिलाही ती नडगीच दिसली. भिंतीसाठी निवडलेले फोटो तिने विभागाच्याच संगणकावर ठेवले होते, रुग्णांच्या फोटोंना लागून. थकलेल्या हातांनी इकडचा तिकडे गेला असेल तर?

मॅडमनी तिला आत बोलावलं. "ताई, खरं सांगा. घोळ नाही ना झाला?"

"मला तरी नाही वाटत."

"वाटून भागणार नाही. हे वर गेलं तर तुमच्याबरोबर माझीही मान अडकेल."

ती संगणकापुढे बसली. अखेर मूळ फोटो सापडला. तो तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातला होता, सुट्टीच्या दिवशीचा. सालच होती. तिने कंडक्टरला बोलावून पडद्यावर दाखवलं.

"संगणकात काय, काहीही दाखवता येतं," तो म्हणाला. आता तो चिडलेलाही नव्हता, नुसता दमलेला होता.

त्याचं म्हणणं तिला पटलं. फोटोत ना खोड होतं, ना पान, ना आभाळाचा तुकडा. ती इतकी जवळ गेली होती की झाडच बाहेर राहिलं होतं.

"मग झाडच दाखवते," ती म्हणाली. "चला."

रुग्णालयाच्या धोबीखान्यामागे एक जुनी निलगिरी होती. दोघं पाय ओढत तिथवर गेली. गुडघ्यामागच्या घडीत कंडक्टरची कातडी फाटायची, म्हणून तो गुडघा न वाकवता चालत होता. फोटोताईची तर कंबरच धरली होती. झाडापाशी पोचल्यावर ती खोडाभोवती फिरून बघायला लागली, आणि तिने कपाळाला हात लावला. फोटो काढला होता तो सालीचा तुकडा तिथे नव्हताच. गळून गेला होता. तिथलं खोड आता गुळगुळीत, पांढरट दिसत होतं.

"म्हणजे पुरावाही गळाला," कंडक्टर म्हणाला.

पण खोडाच्या दुसऱ्या बाजूला साल नुकती सुटायला लागली होती. तेच राखाडी, तेच गुलाबी, तशाच उचललेल्या कडा. तो बराच वेळ बघत राहिला. मग इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून त्याने पँटचा पाय वर दुमडला आणि नडगी खोडाला लावून उभा राहिला. कुठे झाड संपतं आणि कुठे माणूस सुरू होतो, हे सांगायला खरंच जरा थांबावं लागत होतं.

"खरंय तुमचं," तो म्हणाला. आणि शेजारच्या कट्ट्यावर मटकन बसला.

तीही बसली. त्याला त्याच्या कामाला परत पाठवावं, आपणही जावं, असं तिला वाटलं; पण उठवेना.

"बायको रोज सकाळी माझी खपल्या पडलेली चादर गॅलरीत झटकते," तो समोर बघत म्हणाला. "एक शब्द बोलत नाही. बोलली असती, वैतागली असती, तर बरं वाटलं असतं. आणि इथे बघा, या झाडाखाली केवढा कचरा पडलाय. त्याला कुणी काही म्हणतंय?"

फोटोताईने खाली पडलेला सालीचा एक पापुद्रा उचलला. या झाडावर जे सुंदर दिसावं म्हणून ती जमिनीवर पालथी पडली होती, त्यालाच माणसाच्या पायावर ती मोजपट्टी लावत होती. हे आत्ता तिच्या ध्यानात येत होतं.

"तुमचा पाय मी बघितला असेल, दहादा," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला मात्र कधी बघितलं नाही."

तिला वाटलं, आता हा पुन्हा भडकेल. तो भडकला नाही.

"मलाही प्रवासी कुठे आठवायचे? हात आठवायचे नुसते. पैसे घेऊन पुढे आलेले. पुढे पुढे ते हात तिकीट अगदी कडेच्या टोकाला धरून घ्यायला लागले, माझ्या बोटांना लागू नये म्हणून. तेव्हा पहिल्यांदा तोंडं बघितली मी."

धोबीखान्याच्या धुराड्यातून वाफ येत होती. मग तो उठला आणि तिलाही हात देऊन उठवायला पुढे झाला, अर्ध्यात थबकला. तिने तो हात धरला. दुसरं काही नाही, कंबर खरंच धरली होती.

कंडक्टरने मॅडमना जाऊन सांगितलं, माझी चूक झाली, ती सालच आहे. पण तोवर बोभाटा वर पोचला होता. रुग्णांच्या भावना दुखावतात, भिंत मोकळी करा, असा निरोप आला. दुपारीच शिपायाने फोटो उतरवले. मॅडम म्हणाल्या, "मी बोलून बघते हवं तर." फोटोताई म्हणाली, "राहू दे." तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं, आणि त्या सकाळी बाकांवरच्या सगळ्यांनी त्याच्या पायांकडे कसं पाहिलं ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

संध्याकाळी तिने हे सगळं आक्काला सांगितलं. आक्काने ऐकून घेतलं, आणि एरवी टोमणा मारला असता तिथे नुसतं विचारलं, "जेवणार आहेस ना?"

पुढे मॅडमनी कंडक्टरचं औषध बदललं. ते लागू पडलं. दर खेपेला तो आला की फोटोताई आधी त्याच्या तोंडाकडे बघून चार शब्द बोलायची, मग कॅमेरा उचलायची. कधी त्याच्या डेपोतल्या टेबलाची गोष्ट, कधी बायकोची. बायको आता बोलायला लागली होती. फार गोड नाही, पण बोलत होती. बसवर मात्र त्याला परत घेतलं नाही. ती जागा भरली होती.

शेवटच्या खेपेला नडगी जवळजवळ स्वच्छ झाली होती. फोटोताईने फोटो काढून पडदा त्याच्याकडे वळवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"पाय छान झालाय की," ती म्हणाली.

"झालाय," तो म्हणाला. "पण आता माझाच वाटत नाही."

त्याने पँटचा पाय खाली केला, बूट चढवले आणि येतो म्हणून निघाला. तिने मोजपट्टी पुसली, डोळे जरा चोळले आणि दाराकडे बघून हाक दिली, "पुढचे कोण आहेत, या."