डाव्या पायाचं माप

बीडच्या ज्या दुकानात हरिओम कामाला होता, तिथं पुरुषाच्या अंगावर चढवता येईल ते सगळं मिळायचं. लोफर, जरीची मोजडी, कातडी सँडल, दोन्ही बाजूंनी वापरता येणारे बेल्ट, गॉगल, कडी, फेट्याला लावायचे ब्रोच. लग्नसराईत नवरदेव यायचे ते हरिओमला शोधतच. तो गिऱ्हाइकाला एकदा खालपासून वर न्याहाळायचा आणि सांगायचा, "तुमची शेरवानी आधीच चमकतीय, मोजडी साधी घ्या. दोन्ही चमकल्या तर माणूस दिसत न्हाई." गिऱ्हाईक आरशात बघायचं आणि पटायचं.

तो स्वतःही तसाच राहायचा. कॉलर कडक, गळ्याशी रुमालाची बारीक गाठ, मनगटात तांब्याचं कडं, दाढीची रेघ फुटपट्टीनं आखल्यासारखी. बरोबरची पोरं त्याला हिरो म्हणून चिडवायची. तो हसायचा. चिडवणारे त्याच्या कॉलरीकडं बघत असायचे, आणि तेच तर त्याला पाहिजे होतं.

कारण त्याचं डावं पाऊल उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होतं. जन्मापासूनच. टाचही बारीक आणि थोडी वर उचललेली. आई छबुबाईनं तो तान्हा असताना तेल लावून, चोळून, ओढून बघितलं, पण पाऊल काही वाढलं नाही. शाळेत बूट आले तेव्हा त्यानंच युक्ती काढली. दोन्ही बूट उजव्या पायाच्या मापाचे घ्यायचे, डाव्यात टाचेखाली स्पंजचा तुकडा आणि पुढं कापसाचा बोळा. चालताना डावं पाऊल टेकवण्याआधी अर्धा श्वास थांबायचं, म्हणजे लचक दिसत नाही. बूट काढावे लागले तर मोजे तसेच ठेवून डावा पाय मांडीखाली दुमडून बसायचं. गावानं लहानपणी बघितलं होतं, पण वीस वर्षांत गावही विसरून गेलं. आता ठाऊक होतं ते दोघांनाच, आईला आणि मित्र उत्तरेश्वरला.

मोहिनीचं स्थळ चौसाळ्याच्या पलीकडचं. तिचे वडील म्हाळूमामा मेंढरं राखायचे. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. हातात सदा लोकर कातायची चाती, बसला तरी फिरतेय, उभा राहिला तरी फिरतेय. मोहिनी चौसाळ्यात शिवणक्लास घ्यायची. पोरगी बघायला जायच्या आदल्या दिवशी हरिओम आईला म्हणाला होता, "आई, पायाचं सांगायचं का?"

"पायानं का तुला चपात्या लाटायच्या हायत?" छबुबाई म्हणाली. "गप बस. आधी पोरगी तर बघ."

पोरगी बघितली. आवडली. तिनंही होकार दिला. मग रोज फोन सुरू झाले. तिच्या क्लासमधल्या पोरी, त्याची गिऱ्हाइकं, कोकराला बाटलीनं दूध पाजताना काय होतं, असं सगळं बोलून झालं. एवढं एकच राहिलं. आधी सांगितलं नाही म्हणून नंतर सांगता येईना, आणि जितके दिवस जात तितकं ते जड होत गेलं. आता भीती पावलाची नव्हती. पाऊल आहे तसं आहे. भीती ही होती, की मोहिनी म्हणेल, एवढं बोललात आणि हेच लपवलंत, मग अजून काय काय लपवलंय?

लग्नाला आठ दिवस असताना म्हाळूमामाचा फोन आला.

"पाव्हणं, जोड्याचं तुमी काई बघू नका."

"मामा, मी दुकानातच असतो की. माझ्या पसंतीनं घेतो."

"तसं जमत न्हाई. आमच्यात नवरदेवाचा जोडा पोरीकडचा असतुय. मांडवाच्या तोंडाशी मेहुणा सोताच्या हातानं चढवतो. समद्यांच्या देखत."

"बरं. मग नऊ नंबर घ्या मामा."

"नंबर नगं. माप घेतलंय म्या."

"कधी?"

"तुमी पोरगी बघाया आलतात तवा. जोडे बाहीरच व्हते की." एवढं बोलून म्हातारा मेंढरांना हाळी देत फोन ठेवून मोकळा झाला.

बाहेर काढलेले बूट दोन्ही नऊचेच होते. म्हणजे दोन्ही जोडे नऊचे येणार. मांडवाच्या तोंडाशी, शंभर माणसांपुढं, डावा जोडा पायात होडीसारखा डुलणार.

त्यानं मांजरसुंब्याला उत्तरेश्वरला गाठलं. दोघं चहाच्या टपरीवर बसले.

"मग सांगून टाक की बे," उत्तरेश्वर म्हणाला.

"आठ दिवस राह्यलेत."

"म्हणूनच म्हणतो."

"आन ते म्हणले, आधी कावून सांगितलं न्हाई, तर?"

उत्तरेश्वरनं भजं चटणीत बुडवलं. "तर सांग, शेरवानीचा रंग ठरवत व्हतो, सवड मिळाली न्हाई."

"मस्करी करू नको."

"मस्करी न्हाई बे. दोन म्हैनं तू त्या पोरीसंग रोज तास-तास बोलतो. मला तर वाटलं व्हतं, सांगून झालं आसल."

त्या संध्याकाळी हरिओमनं फोन लावला. "मोहिनी, एक सांगायचं व्हतं."

"सांगा."

तिकडं कुठंतरी शिलाई मशीन चालू होती, ती थांबली.

"फेटा केशरी घेऊ का गुलाबी?"

"गुलाबी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अजून काई?"

"न्हाई."

"बरं." पण तिनं लगेच फोन ठेवला नाही. हरिओमनंच ठेवला.

सांगणं जमलं नाही, तेव्हा त्यानं आपल्या धंद्यातली अक्कल लावली. जाड कापडी मोजा घेतला आणि त्याच्या आतच पुढं कापूस, मागं टाचेखाली स्पंज घालून बारीक टाके घातले. घरी नऊ नंबरच्या मोजड्या घालून दहा वेळा उठला, बसला, चालला. जोडा हलला नाही. आई दारातून बघत होती. जाताना पोराच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

लग्न दिवसाउजेडी होतं. शेतातच मांडव घातला होता. वऱ्हाड आलं, वाजंत्री थांबली, आणि मांडवाच्या तोंडाशी हरिओमला लाकडी पाटावर बसवलं. गुलाबी फेटा, अंगावर फिकट बदामी शेरवानी, छातीशी छोटासा मोराचा ब्रोच. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत बघत होत्या. मोहिनीचा भाऊ भागवत पितळेची परात घेऊन पुढं आला, त्यात फडक्यात गुंडाळलेला जोडा.

फडकं उघडलं आणि क्षणभर हरिओम आपली काळजी विसरला. दुकानात त्यानं हजार जोडे हाताळले होते, असा बघितला नव्हता. मधाच्या रंगाचं मऊ कातडं, मोजडीचा घाट, पण टोक उगाच वर वळवलेलं नाही. काठानं काळ्या-पांढऱ्या लोकरीची बारीक वेणी फिरवलेली, हातानं कातलेली, हातानंच टाचलेली. शेरवानीला याहून चांगलं काही शोभलं नसतं. "चौसाळ्याच्या आश्रुबानं शिवलाय," भागवत म्हणाला. "आन लोकर आपली घरची."

त्यानं उजवा पाय हातात घेतला, तेवढ्यात म्हाळूमामा शेजारून म्हणाला, "मोजे काढा पाव्हणं. ह्यो जोडा उघड्या पायानं घालायचा."

हरिओमनं पाय मागं ओढला. "मामा, राहू द्या की मोजे. घाम येतुय पायाला."

"दाजी लाजतेत," कुणीतरी मागून म्हणालं.

मोहिनीची चुलती केसरबाई हातवारे करत पुढं आली. "आत्ताच पाय दाखवाया लाजतुय, मग पोरीला तोंड कसं दाखवशील बाबा?" बायका खो-खो हसल्या. उत्तरेश्वर दोन पावलं पुढं सरकला, पण मध्ये पडून करायचं काय, ते त्याला कळेना. हरिओमनं मान खाली घातली. एवढ्यात उठून पळून जावं, असं एकदा मनात येऊन गेलं. गुलाबी फेटा घालून पळणार तरी कुठं.

म्हाळूमामानं खांद्यावरची घोंगडी काढली, पाटापुढं उकिडवा बसला आणि ती घोंगडी हरिओमच्या गुडघ्यांवरून पार खालपर्यंत सोडली. "सरका गं बायांनू. ऊन लागतंय त्यास्नी."

मांडवात ऊन नव्हतंच.

घोंगडीखाली भागवतनं उजवा मोजा ओढून काढला आणि जोडा चढवला. बसला नीट. मग डावा मोजा. कापूस, स्पंज, टाके, सगळं एकदम निघून गेलं, आणि उघडं आखूड पाऊल भागवतच्या तळहातात आलं. हरिओमनं डोळे मिटले. पण भागवतचा हात थांबला नाही, चाचपडलाही नाही. उजव्याला जसा घातला होता तसाच डाव्याला जोडा घातला, आणि टाचेवर हलकीशी थाप दिली.

बोटं पुढं कशालातरी मऊ टेकली होती. टाचही तसल्याच मऊ, उबदार खळग्यात नेमकी बसली होती. सत्तावीस वर्षांत त्याचं डावं पाऊल पहिल्यांदा एखाद्या जोड्यात पुरं भरलं होतं. त्यानं बोटं हलवून बघितली. कुठं ढिलं नाही, कुठं रुतत नाही.

म्हाळूमामानं घोंगडी उचलून झटकली आणि खांद्यावर टाकली. बायकांनी वाकून बघितलं. बाहेरून दोन्ही जोडे सारखे, एका मापाचे. काढलेले मोजे कुठं गेले ते कुणी बघितलं नाही. ते भागवतच्या खिशात होते.

"उठा," म्हातारा म्हणाला.

हरिओम उठला. पाऊल टाकताना सवयीनं अर्धा श्वास थांबला, आणि त्याला कळलं, थांबायचं काही कारण नाही. दुसरं पाऊल तो न थांबता टाकून गेला.

म्हाळूमामा त्याच्या बरोबरीनं चालत होता. वाजंत्री पुन्हा सुरू झाली होती, त्या आवाजात दोघांचं बोलणं दोघांनाच ऐकू येत होतं.

"मामा, कधी कळलं?"

"लिंबाखाली गाडी लावून तुमी दारापत्तोर आलात तवाच. डावं पाऊल जरा उशिरा टेकत व्हतं. दिसभर मेंढरांचे पायच बघतो म्या, आजून काय काम हाय मला?" त्यानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "तुमाला मेंढरू म्हणलं न्हाई पाव्हणं."

हरिओमला हसू आलं. दिवसभरातलं पहिलं.

"मग तुमी समदे आत च्या पीत व्हतात, म्या चातीवरचा दोरा तोडून तुमच्या जोड्यात सोडला. उजव्यात पार गेला. डाव्यात मधीच कापूस लागला. तितं गाठ मारली. मग दोन्ही दोरे आश्रुबाला नेऊन दिले. म्हणलं, बाहीरून दोन्ही सारखे कर, आन आतून डाव्यात पुढं ह्या गाठीपत्तोर लोकर दाबून भर, टाचेखालीबी स्पंजाएवढी."

"पण तवाच बोलला असतात तर."

"होकार द्यायच्या आधीच पोरीला सांगून इचारलं. ती म्हणली, त्यांचं त्यांना सांगू द्या. म्हणून थांबलो. तुमी काई सांगंनात." म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, थोडी कुरकुर मात्र होती. "लगीन जवळ आलं. किती थांबावं माणसानं?"

अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, माळा घातल्या गेल्या. हरिओमला त्यातलं निम्मं आठवणार नव्हतं. मोहिनीला ठाऊक होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. होकार देताना ठाऊक होतं. फोनवर मशीन थांबवून ऐकत होती, तेव्हाही ठाऊक होतं.

जेवणाच्या पंगतीत नवरा-नवरीला शेजारी बसवलं. सासू सारजाबाईनं स्वतः जिलबी वाढली. सगळ्यांचे जोडे मांडवाच्या कडेला होते. हरिओमनंही काढले होते, आणि मांडी घालून बसला तेव्हा दोन्ही पाय उघडे, एक मोठा, एक लहान, पत्रावळीच्या कडेशी दिसत होते. त्यानं उपरण्याचं टोक त्यांच्यावर ओढायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला.

"मला आधी सांगाया पाह्यजे व्हतं," तो हळूच म्हणाला.

"व्हय," मोहिनी म्हणाली. तिनं ते उगाच मऊ केलं नाही. "फेट्याचं इचारलं त्या दिशी लई राग आलता. रडले बी."

"चुकलं."

"व्हय. चुकलं." तिनं जिलबीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. खाली त्याच्या पावलाकडं एकदा सरळ बघितलं, चोरून नाही. "दुखतंय का कधी?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं सुद्धा नाही. आई तेल लावायची, पण विचारायची नाही, कारण उत्तर ऐकवलं नसतं तिला.

"थंडीत दुखतंय," तो म्हणाला. "आन दुकानाचा जिना उतरताना. चढताना न्हाई, उतरताना."

"मग उतरताना काय करता?"

"कठडा धरतो. कुणी बघत आसलं तर फोनवर बोलल्यासारखं करतो."

ती हसली, आणि मग तोही. मग त्यानं शाळेतल्या पहिल्या बुटांचं सांगितलं, पावसात कापूस भिजला की काय व्हायचं तेही सांगितलं, आणि एकदा गॅदरिंगमध्ये नाचताना बूटच उडून पुढच्या रांगेतल्या बाईंच्या मांडीत कसा पडला तेही. केसरबाई येऊन म्हणाली, "अवं, एकमेकाला घास भरवा, लोक खोळंबलेत." त्यांना ऐकू गेलं नाही. जिलबी गार झाली होती, पंगतीतली शेवटची माणसं हात धुवायला उठत होती, आणि हरिओम अजून सांगतच होता.