तोंडातून गेलेला ‘या’

घर भाड्यानं द्यायचं असेल, तर आधी तोंडाला कुलूप घालावं, दाराला मग. हे हैबतीला कुणी वेळेवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

मुंबईच्या गोदीत उमर घालवून कापडे गावच्या या गड्यानं महाडात घर बांधलं. शेजारीशेजारी दोन खोल्या, पुढं एकच पडवी. एका खोलीत तो आणि आनंदीबाई, दुसरी दिली कचेरीतल्या महिपती कारकुनाला. "पावसाळ्यापुरती द्या, हैबतराव," महिपती म्हणाला होता. तेव्हा हैबतीला काय अवदसा आठवली कोण जाणे, मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "अहो, आपलंच घर समजा!" त्या बाबानं समजलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले.

आता मात्र खोली हवीच होती. लेक आवडी पोलादपूरच्या वरच्या वाडीत दिलेली. गेल्या खेपेला पावसात तिची डोली ओढ्याकाठी अडकली, आणि पाणी उतरेपर्यंत मूल गेलं. यंदा पाऊस लागायच्या आत पोरीला महाडात आणायची, डॉक्टर हाकेवर असला पाहिजे, असा हैबतीनं जावयाला शब्द दिला होता.

महिपती कधी नाही म्हणत नसे, हेच तर दुखणं. "सोडतो की! पण उद्या शनिवार." मग अवस आली. मग त्याच्या बायकोचं, तुळजाबाईचं लोणचं मुरायचं होतं. मुरतं लोणचं म्हणे हलवू नये. हैबतीचं डोकं फिरलं.

"भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!" तो पडवीतून ओरडला.

"पण आम्ही कुठं भट, हैबतराव?" महिपती आतून शांतपणे म्हणाला. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वकिलानंही हात वर केले. "कायदा भाडेकरूचा. गोडीनं जात असेल तर जाऊ द्या, आणि तो गेला की लगेच तुमचं कुलूप लावा."

अखेर एका बुधवारी बैलगाडी आली. बरण्यांसकट सगळं सामान चढलं. आवडी दुपारच्या एसटीनं यायची होती, म्हणून आनंदीबाईनं लगोलग रिकामी खोली सारवायला घेतली. महिपती पायरीवर हात जोडून म्हणाला, "बराय, येतो."

हैबती गप्प.

"येतो म्हटलं."

हैबतीनं दात आवळले. आनंदीबाई शेणानं भरलेल्या हातानंच बाहेर आली. "या म्हना की वो! दारातून जानाऱ्याला कुनी मुक्यानं धाडतं काय? आज पोर यायची हाय नि तुमी अपशकून करता!"

पोरीचं नाव निघालं आणि गडी विरघळला. "या," तो म्हणाला. खोलीचं दार जमीन वाळायला सताड उघडं राहिलं, आणि कुलूप खुंटीला.

आवडी एसटीतून उतरली ती कळा घेऊनच. पलीकडची जमीन अजून ओली, म्हणून तिला आईबापाच्याच खोलीत निजवली. हैबती डॉक्टरकडं धावणार, तोच दारात तीच बैलगाडी!

"नव्या जागेतला भाडेकरू निघेना," महिपती म्हणाला. "बुधवारी घर सोडत नाही म्हणतो. काय एकेक माणसं असतात!"

"गाडी हलव आधी, नायतर..." हैबती गरजला. पण आतून आवडी किंचाळली. तुळजाबाई पदर खोचून तिच्याकडं धावली, आणि हैबती डॉक्टरकडं.

डॉक्टरला घेऊन तो परतला, त्याला आवडीकडं आत धाडलं आणि वळून बघतो तर गाडी रिकामी. जमीन वाळली होती, आणि लोणच्याच्या बरण्या आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या.

"कुनाला इचारून?" हैबतीचा आवाज फाटला.

"तुम्हीच ‘या’ म्हणालात की! चांगलं चारचौघांत."

हैबती त्याच्या अंगावर जाणार, एवढ्यात आतून ट्यँहा आलं. चांगलं खणखणीत. हैबतीला उभ्या उभ्या रडू कोसळलं. डोळे पुसत तो आत निघाला, तर आनंदीबाईनं दार लोटलं. "बापयांनी आत यायचं नाय! पाचवी होईस्तवर कुटंबी पडा!"

कुटंबी म्हणजे कुठं? स्वतःच्या दोन खोल्या, आणि मालकाला एकीतही जागा नाही. तो पडवीच्या खांबाला टेकून मटकन खाली बसला. पलीकडचं दार उघडलं. महिपतीनं आत चटई अंथरली होती.

"असे परक्यासारखे बाहेर काय बसता, हैबतराव? या ना आत. आपलंच घर समजा!"